दार ओढून धरणारा नट

स्वस्तातल्या भुताच्या पिक्चरमध्ये घर एकच असतं. दुसरं घर भाड्यानं घ्यायला पैसा नसतो, गाव दाखवायला नसतो, रस्त्यावरची गर्दी तर सोडूनच द्या. मग चार-सहा माणसं एका बंगल्यात कोंडायची, दार लावायचं आणि वाऱ्याचा आवाज सोडायचा. बघणारा कुणीतरी हमखास विचारतो, अरे, हे लोक घर सोडून जात का नाहीत? समुद्रपूरला माहेरी असताना मीही विचारायचे, आणि तेही मोठ्यानं. वर्ध्याला लग्न होऊन आल्यावर काही वर्षांत मी तो प्रश्न विचारणं सोडून दिलं.

आमचं घर दुकानाच्या वर आहे. खाली दोर, ताडपत्री, फवारणीचे पंप, वर आम्ही. जिना दुकानाच्या आतून येतो, त्यामुळे बाहेर जायचं म्हणजे नवऱ्यासमोरून, नोकरांसमोरून आणि ताडपत्रीचा भाव करणाऱ्या गिऱ्हाइकांसमोरून जायचं. कुणी अडवत नाही. पण सगळे मान वर करून बघतात, आणि काय काम निघालं हे सांगितल्याशिवाय पुढची पायरी उतरवत नाही. भाजी आणायला निघाले तरी मी मनात उत्तर तयार ठेवायची.

सासूबाई गेल्या, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मामंजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसभर दुकानात आवाज चढवून बोलणारा माणूस एका लोखंडी पलंगावर आला. डावा हात मात्र शाबूत होता आणि डोकंही, पण डोकं शाबूत आहे हे दाखवायला तोंड लागतं. माणूस बोलत नाही म्हटल्यावर लोक त्याच्याशी लहान लेकराशी बोलावं तसं बोलतात, नाहीतर तो खोलीत नाहीच असं समजून बोलतात. भेटायला येणारा प्रत्येक जण पायाशी बसून म्हणायचा, होते हळूहळू बरं. मामंजी डाव्या हातातला टीव्हीचा रिमोट पलंगाच्या दांडीवर मारायचे. ठक्. मग माझा नवरा लगबगीनं पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावायचा. मामंजी पाणी प्यायचे. आम्हाला वाटायचं, तहान लागते बिचाऱ्यांना.

आता एक अडचण सांगितली पाहिजे. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नाही आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. डोक्यावर पदर, आणि बोलायचं ते भिंतीकडे बघून, शेवटी ‘म्हणावं’ लावून. ‘चहा ठेवला म्हणावं.’ ‘गोळी घ्यायची वेळ झाली म्हणावं.’ सासूबाई होत्या तोवर त्या ते पुढे पोचवत. त्या गेल्यावर मी तसंच भिंतीला सांगत राहिले, आणि भिंत काही निरोप पोचवणारी नव्हती. मामंजींना घास मी भरवायची तोही बाजूला उभी राहून, मान वळवून. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं, वर बी.एड. केलं, आणि भिंतीशी बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता.

नवरा वाईट माणूस नाही. हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाही, अडचण म्हणून सांगते. वाईट असता तर भांडता आलं असतं.

दुपारी जेवणं झाली की तो खाली जायचा, मी कूलरमध्ये पाणी भरायची, पडदे ओढायची. मामंजींच्या खोलीत आमचा जुना, मागून फुगलेला टीव्ही ठेवला होता. पुलगावला दिलेल्या माझ्या नणंदेनं ताकीद दिली होती की बाबाले दुपारी प्रवचनाचं चॅनल लावून देत जा. मी लावून द्यायची. मी उंबऱ्यावर, त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी बसायची, म्हणजे सासऱ्यासमोर बसल्याचा दोष नाही आणि काही लागलं तर हाताशी. एक दिवस प्रवचन ऐन रंगात असताना मामंजींनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं चॅनल बदललं. आमचा केबलवाला दुपारी जुने डब केलेले पिक्चर लावतो. पडद्यावर एक बाई केस सोडून विहिरीतून वर येत होती. मला वाटलं चुकून दाबलं गेलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्या दिवसापासून मी प्रवचन लावायचं नाटकही बंद केलं.

महिनाभर आम्ही ते पिक्चर असेच पाहिले, ते पलंगावर आणि मी त्यांच्या मागे उंबऱ्यावर, एकमेकांना दिसणार नाही असे.

मग तो बंगल्याचा पिक्चर लागला. कॉलेजची पोरं बंगल्यात अडकलेली, दार बाहेरून बंद, आणि एक नट दारावर धडका मारून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतोय. दार हलक्या लाकडाचं असावं. धडक बसली की ते उघडायचं. उघडलं की फटीतून बाहेरची प्लास्टिकची खुर्ची दिसायची, खुर्चीवर कुणाचा तरी टॉवेल. नटाला ते कळत होतं. तो एका हातानं धडका मारत होता आणि दुसऱ्या हातानं दार आत ओढून धरत होता, आणि रडत होता की आम्हाला इथून बाहेर काढा.

मला हसू आवरलं नाही. पदर तोंडात कोंबला तरी फुटलंच. तेवढ्यात पलंगाची दांडी वाजली. ठक्. मी उठून पाण्याचा पेला घेतला आणि पडद्यावर रात्र झाली. स्वस्तातल्या पिक्चरची रात्र म्हणजे निव्वळ काळोख, दिव्यांना पैसा नसतो. सगळी काच काळी झाली आणि त्या काचेत मला मामंजींचा चेहरा दिसला. डावा गाल वर गेला होता. ते हसत होते. माझ्याकडेच बघत होते, काचेतून. मी पेला खाली ठेवला.

तेव्हापासून आमचा खेळ ठरला, कुणी न ठरवता. चूक दिसली की ठक्. मी उंबऱ्यावरून उठून खोलीत आले, पण बसायची मागेच. मला विज्ञानाच्या चुका आधी दिसायच्या. अंतराळात स्फोटाचा आवाज कसा ऐकू येईल? तिथं हवाच नाही. हे मी भिंतीला सांगायची, ‘आवाज जात नाही म्हणावं,’ आणि मामंजी माझ्या वतीनं दांडी वाजवायचे. एका पिक्चरमध्ये अंतराळवीरानं स्कूटरचं हेल्मेट घातलं होतं आणि यानाच्या भिंतीला अंड्यांचे ट्रे रंगवून लावले होते. राक्षसाच्या पाठीला चेन होती आणि ती अर्धी उघडी होती. पण मामंजींचाही अभ्यास कमी नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या फाशीला नायलॉनचा दोर बघून त्यांनी जी दांडी बडवली, ती मी विसरणार नाही. परग्रहावरची वस्ती निळ्या ताडपत्रीची निघाली तेव्हा तर ते थांबेनात. तसला माल खाली दुकानात थप्पीनं पडला होता.

मी नुसती हसत होते असं मात्र नाही. बघून बघून मला त्या पिक्चरांबद्दल आदर वाटायला लागला होता. पैसा असला की दिग्दर्शक भूत दाखवतो. पैसा नसला की तो तुम्हाला एक बंद दार दाखवतो आणि दाराकडे बघणारा माणूस, आणि खरी भीती तिथंच असते. पहिला तासभर हे लोक गरिबीच्या जोरावर फार चांगलं काम करतात. शेवटच्या अर्ध्या तासात त्यांना राहवत नाही, भूत बाहेर काढतात, आणि भूत दाखवलं की भूत गेलं. मग उरतो तो पावडर लावलेला माणूस.

एका पिक्चरमध्ये मात्र शेवटपर्यंत काहीच दाखवलं नाही. एक बाई स्वयंपाकघरात बसलेली, नळ गळतोय, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतंय. कॅमेरा हलत नाही, बहुधा हलवायची सोयच नसावी. बाई उठत नाही. वर बघते आणि भाजी चिरत राहते. त्या दुपारी दांडी एकदाही वाजली नाही. मामंजींनी रिमोट छातीशी धरला होता आणि मी कूलर चालू असून घामानं भिजले होते. त्या बाईला घाबरायला भूत लागतच नव्हतं. उद्याही ती तिथंच बसणार होती, एवढं पुरे होतं. मला त्या दिवशी फार रडू आलं आणि मी ते मोकळेपणानं रडून घेतलं. मागे बसण्याचा तेवढा फायदा.

उन्हाळ्यात पवनारच्या रस्त्यावरच्या एका सकाळच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा निघाली. नणंद माहेरपणाला आली होती, तिला मामंजींजवळ बसवून मी मुलाखत देऊन आले. निवड झाली. शाळा उघडण्याआधी होकार कळवा, म्हणाले. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की मी गॅससमोर उभी राहून मनातल्या मनात पहिला धडा शिकवायची.

नवरा म्हणाला, मी कुठं नाही म्हणतो? पण बाबाचं कसं? त्यानं मामंजींना काही न सांगता एक माणूस आणूनही पाहिला, दवाखान्यात काम केलेला. मामंजींनी त्याच्या हातून घास घेतला नाही, दात आवळून पडून राहिले. माणूस दुसऱ्या दिवशी गेला. नवऱ्यानं हात पसरले आणि म्हणाला की बाबाला तूच लागतेस, त्याला मी काय करू? त्याचं म्हणणं खरं होतं. दार उघडंच होतं, कुणी कडी घातली नव्हती. फक्त ते आतून ओढून धरलेलं होतं, आणि धरणारा हात नेमका कुणाचा, तेच मला कळत नव्हतं.

रविवारी दुकान बंद असतं. त्या रविवारी दुपारी नणंद पुलगावहून आली आणि दोघं भाऊ-बहीण मामंजींच्या पलंगाशी जाऊन बसली. मी उंबऱ्यावर उभी. विचारायचं असं काही नव्हतं, फक्त सांगून टाकायचं होतं. नणंदेनं मामंजींच्या पायावर हात ठेवला. तिचा जीव आहे त्यांच्यावर.

“बाबा, काळजी करू नका. वहिनी घरीच राहून राह्यली. तिच्या बी मनात तेच आहे.”

ठक्.

नवऱ्यानं पेला लावला. मामंजी प्यायले. नणंद पुढे म्हणाली की बाहेर ऊन-तान करण्यापेक्षा घरीच तिचं बरं आहे. ठक्. पुन्हा पेला. या वेळी मामंजींनी तोंड मिटून घेतलं आणि पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. नवरा रुमाल शोधायला लागला. मामंजी काळ्या, बंद टीव्हीकडे बघत होते. त्या काचेत मी उभी होते.

 बोलायचं तर सासऱ्यासमोर तोंड उघडायचं. दुपारी प्रवचनाच्या नावाखाली काय चालतं ते सांगायचं. आणि एवढं करून, मी जो अर्थ सांगणार तो माझ्याच फायद्याचा, मग विश्वास कोण ठेवणार? मी त्यांच्या जागी असते तर ठेवला नसता. पण मामंजींच्या गळ्यात पाणी उतरत होतं, आणि ते माझ्या बाजूनं बोलल्याबद्दल उतरत होतं.

“त्याईले तहान नाई लागली,” मी म्हणाले. “ते चूक आहे म्हणून राह्यले.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, विहिरीतल्या बाईपासून निळ्या ताडपत्रीपर्यंत. नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. नणंदेला पहिला धक्का प्रवचनाचा बसला, तो ओसरल्यावर तिनं नेमकं तेच विचारलं जे ती विचारणार हे मला ठाऊक होतं.

“तू म्हणशील तेच बाबा म्हणून राह्यले, हे आम्ही काऊन मानावं?”

मी म्हणाले, टीव्ही लावा.

दुपारचा पिक्चर सुरू झालेलाच होता. जुन्या घरात एक नवरा-बायको राहायला आलेले, बायकोला भिंतीपलीकडून कुणीतरी खोकल्याचा आवाज येतो. नणंद वेताच्या मोढ्यावर बसली, नवरा खाली फरशीवर. मी उभीच. आणि नशीब असं की त्या दिवशी नेमका चांगला पिक्चर लागला. भिंत, बाई, खोकला. चूक एकही नाही. मामंजी एकटक बघत होते, रिमोट हातात पडून होता. नवरा मधूनच माझ्याकडे बघायचा. नणंदेनं गुडघे जवळ घेतले होते, तिलाही भीती वाटायला लागली होती. मी जन्मात पहिल्यांदा एका चांगल्या पिक्चरला शिव्या घातल्या. अरे, हेल्मेट आणा, चेन दाखवा, काहीतरी करा. त्या भिंतीपलीकडे कुणी खोकत होतं आणि माझी नोकरी त्याच्या हातात होती.

पण शेवटच्या अर्ध्या तासावर माझा भरवसा होता, आणि तो त्यांनी राखला. भूत बाहेर आलं. पांढरं लुगडं, जमिनीवर पाय टेकत नाहीत, तरंगत पुढे येतंय. लुगडं जरा उडालं आणि खाली चाकांची ढकलगाडी दिसली, आणि तिच्यावर टेकलेले पांढरे बूट. ठक्. मग अमावास्येच्या रात्री अंगणात झाडांच्या सावल्या पडलेल्या. ठक्. नवऱ्यालाही ती चूक दिसली, तो फिस्सकन हसला आणि बापाकडे वळला. बापाचा डावा गाल वर गेला होता. लकवा झाल्यापासून नवऱ्यानं ते हसू पाहिलं नव्हतं. तो हसायचा थांबला आणि त्यानं तोंडावरून हात फिरवला.

नणंदेनं टीव्ही बंद केला. ती हट्टी आहे पण अप्रामाणिक नाही. ती मामंजींच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, वहिनीनं घरीच राहावं?”

ठक्.

मग नवऱ्यानं हळूच विचारलं की दुसरा माणूस ठेवला तर त्याच्या हातानं जेवाल का? आम्ही सगळे थांबलो. कूलरचा पंखा फिरत होता, खाली रस्त्यावरून एक ऑटो गेला. मामंजींचा हात दांडीजवळ होता. तो हलला नाही. या पिक्चरमध्ये त्यांना चूक दिसली नव्हती.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी लवकर उठून सगळं उरकलं. माणूस आला होता, तोच, दवाखान्यातला. मामंजींनी त्याच्या हातून चहा घेतला, तोंड वाकडं करून, पण घेतला. मी पर्स खांद्याला लावून उंबऱ्यावर आले. मग उंबरा ओलांडून पलंगाला वळसा घातला आणि त्यांच्या समोर उभी राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी धड पाहिला तो काचेतच. डोळे पिवळट होते आणि भुवईत एक जुना व्रण होता, तो मला माहीत नव्हता.

“मामंजी, मी जाऊन येतो,” मी म्हणाले. ‘म्हणावं’ लावलं नाही. “पिक्चरच्या टायमाले वापस येतो.”

दांडी वाजली नाही. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून, निघताना काहीतरी चांगलं बोलावं म्हणून, सगळे म्हणतात तेच माझ्या तोंडून गेलं.

“तुम्ही बी लवकर बरे व्हाल.”

ठक्.

माणसानं पेला उचलला. मी म्हणाले, राहू द्या, पाणी नको. भेटायला येणारे एकेक जण माझ्या डोळ्यांसमोर आले, पायाशी बसून ‘होते हळूहळू बरं’ म्हणणारे, आणि दर वेळी वाजलेली ती दांडी, आणि दर वेळी तोंडाला लावलेलं पाणी. मामंजी माझ्याकडे बघत होते. डावा गाल जरासा वर गेला. मग त्यांनी डोळ्यांनीच दाराकडे दाखवलं.

मी जिना उतरले. नवऱ्यानं विचारलं, निघाली का? मी हो म्हणाले. गिऱ्हाइकांनी मान वर केली, पण मी उत्तर तयार केलं नव्हतं.

या सगळ्या पिक्चरांचा शेवट सारखा असतो. एक जण कसाबसा बंगल्यातून सुटतो, सकाळ झालेली असते, तो डांबरी रस्त्यावर पळत येतो आणि ‘समाप्त’ची पाटी येते. आत राहिलेल्याचं काय झालं, ते दाखवत नाहीत. मला वाटायचं, तेवढ्यात पैसा संपत असेल. तो शेवट मला आजवर कधीच चुकीचा वाटला नव्हता, मामंजींनीही त्याला कधी दांडी वाजवली नव्हती. पवनारच्या एस.टी.त मला खिडकीजवळ जागा मिळाली. ऊन चढायचं होतं, वारा चांगला येत होता. मी पर्समधून किल्ली काढली आणि समोरच्या सीटच्या दांडीवर एकदा ठक् केलं.